फुगा 'पास' म्हणेल तेव्हाच टेकऑफ!

गॅरेजमध्ये स्वतःचं विमान बांधणाऱ्यांची एक भन्नाट जमात अमेरिकेत आहे. पण या पॅशनचा खरा कस आकाशात लागत नाही. तो लागतो पंखाच्या पोटात, काळ्या चिकट सीलंटनं हात बरबटलेले असताना...

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून सुटलात की काय करता? मूव्ही, डिनर, लोणावळा, फारच जोश असेल तर राजमाचीचा ट्रेक. सोमवारी कॉफी मशीनपाशी सांगायला तेवढं पुरतं. आता समजा, शेजारच्या क्युबिकलमधला माणूस म्हणाला, 'काही खास नाही यार, विमानाच्या उजव्या पंखाचं सीलिंग करत होतो,' तर?

माझा मावसभाऊ गेली चार वर्षं सोमवारी हेच सांगतोय. दादा मूळचा नाशिकचा. ओझरच्या एचएएलमधून उडणारी मिग विमानं गच्चीवरून बघत मोठा झाला. पुण्यात इंजिनीअर झाला आणि आता ओरेगन राज्यात, पोर्टलंडजवळच्या हिल्सबरोमध्ये एका चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करतो. त्याच्या दोन्ही गाड्या बारा महिने उन्हापावसात उभ्या असतात. कारण गॅरेजमध्ये विमान राहतं! गेल्या उन्हाळ्यात मी तीन आठवडे त्याच्याकडे होते. अमेरिका बघायला गेले होते, पण बघितलं मुख्यतः ॲल्युमिनियम.

हे लीगल आहे का?

पहिला प्रश्न सगळ्यांना हाच पडतो. उत्तर आहे, एकदम लीगल. अमेरिकेत घरी विमान बांधणाऱ्यांची चळवळ जुनी आहे. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी या गृहस्थानं विस्कॉन्सिनमध्ये 'एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' सुरू केली. तिचा ऑशकॉशचा मेळावा म्हणजे या मंडळींची पंढरीची वारीच. आषाढीसारखाच जुलैच्या आसपास येतो आणि लोक स्वतः बांधलेली विमानं उडवत तिथे पोचतात.

नियम साधा आहे. विमानाचं अर्ध्याहून जास्त काम हौशी माणसानं स्वतः, शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेलं असलं पाहिजे. मग एफएए, म्हणजे तिथलं विमान वाहतूक खातं, त्याला 'एक्स्पेरिमेंटल' गटात परवाना देतं. सुटे भाग किटमध्ये मिळतात. दादाचं किट आहे आरव्ही-७ या दोन सीटच्या विमानाचं. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी १९७३ मध्ये सुरू केलेली ही कंपनी त्याच्या घरापासून फार लांब नाही, ओरेगनमधल्याच ऑरोरा गावात आहे. तिच्या किटमधून बांधलेली अकरा हजारांहून जास्त विमानं आजवर उडाली आहेत.

'किट' म्हटल्यावर मला वाटलं होतं, आयकियाच्या टेबलासारखा काहीतरी मामला असेल. स्क्रू पिळायचे, झालं. प्रत्यक्षात हजारो रिव्हेट, साधारण दीड-दोन हजार तासांची मेहनत आणि इंजिन, प्रॉपेलर, उपकरणं धरून एक लाख डॉलरच्या पुढे जाणारा खर्च. आणि या दीड-दोन हजार तासांतले सगळ्यात जास्त शिव्या खाणारे तास कुठले, असं कुठल्याही आरव्हीवाल्याला विचारा. तो डोळे मिटून सांगेल, पेट्रोलच्या टाक्यांचे.

पंख हीच टाकी

आपल्या बाइकची टाकी वेगळी असते. काढता येते, बदलता येते. आरव्हीमध्ये तसं नाही. पंखाचा पुढचा गोल भाग, म्हणजे हवेला सगळ्यात आधी भिडणारा, त्याचाच आतला अर्धा हिस्सा टाकी असतो. जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा इंग्रजी 'यू'सारखा वाकवलेला. आत आडव्या फासळ्या, म्हणजे रिब्ज. मागून एक पत्र्याचा पडदा लावून सगळं बंद. दोन पंखांत दोन टाक्या, प्रत्येकीत २१ गॅलन, म्हणजे साधारण ८० लिटर पेट्रोल. पंखाची कातडी हीच टाकीची भिंत!

प्रॉब्लेम असा, की पत्र्यावर पत्रा ठेवून कितीही घट्ट रिव्हेट ठोकले तरी पेट्रोल मधून वाट काढतंच. पाण्यापेक्षा ते फारच चपळ. त्यामुळे प्रत्येक सांधा, प्रत्येक कोपरा आणि प्रत्येक रिव्हेटचं आतलं डोकं सीलंटनं झाकावं लागतं. एक जरी राहिला तर गळती आणि गळती म्हणजे इंजिनाच्या आणि माणसांच्या जवळ पेट्रोलची वाफ. इथे 'चलता है' चालत नाही.

मी आपला मराठी मध्यमवर्गीय उपाय सुचवला, "एम-सील लाव ना!" दादा हसला, पण त्यानं नीट समजावलं. एम-सील वाळलं की दगड होतं. पंख मात्र हवेत सतत वाकतो, थरथरतो, उन्हात फुगतो, थंडीत आकसतो. कडक लेप तडकेल. इथे हवं असतं आयुष्यभर रबरासारखं लवचीक राहणारं आणि पेट्रोलमध्ये न विरघळणारं काहीतरी. ते म्हणजे पॉलिसल्फाइड सीलंट. मोठ्या प्रवासी विमानांच्या पंखांतल्या टाक्याही याच जातीच्या सीलंटनं बंद केलेल्या असतात. म्हणजे तुम्ही मुंबई-दिल्ली करता तेव्हा तुमच्या खिडकीबाहेरच्या पंखातही हेच असतं.

श्रीखंड, पण सडक्या अंड्याचं

रविवार, पहाटेचे पाच. मला सुट्टीत कोणी इतक्या लवकर उठवलं तर मी सहसा बोलत नाही. पण आज मोठा दिवस होता. उजव्या टाकीच्या फासळ्या आधीच बसवून झाल्या होत्या आणि आता मागचा पडदा लावून टाकी कायमची बंद करायची होती. पहाटेच का? तर या सीलंटला घड्याळ असतं. डब्यावर 'बी-२' लिहिलेलं. 'बी' म्हणजे घट्ट प्रकार आणि '२' म्हणजे मिसळल्यापासून हाताशी असलेले तास. तेही २५ अंशांच्या आसपास. गरमी वाढली की घड्याळ पळायला लागतं.

आदल्या रात्री दादानं पत्र्याची प्रत्येक कड खरखरीत पॅडनं घासून सॉल्व्हंटनं पुसली होती. कपडा काळा यायचा थांबेपर्यंत! त्यानंतर तिथे उघडं बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकट ठसासुद्धा सीलंटला पकडू देत नाही. गॅरेजचं दार सताड उघडं, पंखा चालू, सगळ्यांच्या हातात एकावर एक चढवलेले रबरी हातमोजे. वरचा बरबटला की सोलून फेकायचा, खालचा तयार.

माझ्याकडे दोन कामं होती. किचनचा डिजिटल काटा आणि घड्याळ. पांढरा मुख्य भाग दहा, काळा भाग एक, वजनानं मोजून. मग घोटायचं. घट्ट श्रीखंडासारखं दिसतं ते. फक्त वास चाखायची इच्छा कायमची घालवणारा, सडकी अंडी आणि जळका टायर यांच्या मधला. पांढरी रेघ दिसेनाशी होऊन सगळं एकसारखं राखाडी झालं, की घड्याळ सुरू.

पुढचे दोन तास घरात कोणीही अनावश्यक शब्द बोललं नाही. दादा पत्र्याच्या कडेनं सीलंटचा जाड पट्टा ओढत होता. वहिनी प्रत्येक रिव्हेट सीलंटमध्ये बुडवून भोकात बसवत होती. पडदा सरळ आत उतरला पाहिजे, तिरका घासत गेला तर पट्टाच खरवडला जाणार. तो बसला आणि सगळ्या सांध्यांतून राखाडी सीलंट बारीक रेघेसारखं बाहेर आलं. ते यायलाच हवं. नाही आलं, तर तिथे कमी पडलंय. बाहेर आलेलं सीलंट आइस्क्रीमच्या काडीच्या गोल टोकानं कोपऱ्यात दाबत दादा पुढे सरकत होता. "चाळीस मिनिटं राहिली... वीस..." मी आपली स्टेशनवरच्या अनाउन्सरसारखी ओरडत होते.

पावणेदोन तासांत टाकी बंद झाली. दादानं मोठी वही काढली आणि तारीख, वेळ, तापमान, कोणता सांधा, कोणी काय केलं, सगळं लिहिलं. अर्ध्याहून जास्त काम स्वतः केल्याचा पुरावा म्हणून बिल्डर अशा नोंदी आणि फोटो ठेवतात. पण त्या वहीचा आणखी एक उपयोग मला पुढच्या आठवड्यात कळणार होता.

ज्याच्या हाती फुगा...

सीलंट पूर्ण वाळायला आठवडा दिला. मग आली परीक्षा आणि तिचं उपकरण बघून मी उडालेच. वाढदिवसाचा फुगा! टाकीची सगळी तोंडं बंद करायची, एका नळीवर फुगा चढवायचा आणि आत हळूच हवा भरायची. फुगा टिकला तर टाकी पास. सुकला तर कुठेतरी भोक.

कॉम्प्रेसर लावून पटकन का नाही तपासायचं? कारण गणित भीतीदायक आहे. कारच्या टायरमध्ये ३० पीएसआयच्या आसपास हवा असते. इथे जेमतेम एक पीएसआय चालते. एक पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर एक पौंड. पत्रा हजार चौरस इंचांचा धरला, तर तेवढ्याशा हवेनंही त्यावर साडेचारशे किलोंचा जोर येतो. थोडी जास्त हवा आणि चार वर्षांची मेहनत चेपलेल्या डब्यासारखी फुगून वाकडी. फुगा इथे मीटरही आहे आणि सेफ्टी व्हॉल्व्हही. टाकीआधी तो फुटतो.

दादाच्या आठ वर्षांच्या मुलीनं फुग्यावर स्केचपेननं डोळे आणि हसरं तोंड काढलं. डाव्या टाकीचा फुगा महिनाभरापूर्वी पास झाला होता. या फुग्याचं तोंड मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सुरकुतलेलं होतं. "बाबा, हा म्हातारा झाला," ती म्हणाली. कोणी हसलं नाही.

तरी लगेच निष्कर्ष काढायचा नसतो. रात्री गारठा पडला तरी फुगा लहान होतो, हवामानाचा दाब बदलला तरी होतो. शिवाय बऱ्याचदा टाकी ठीक असते आणि झाकण किंवा नळीच हवा सोडत असते. म्हणून भांडी घासायचा लिक्विड सोप पाण्यात कालवला आणि ब्रशनं सगळीकडे लावला. झाकण ठीक. नळ्या ठीक. मग वरच्या बाजूला, मधल्या एका फासळीच्या ओळीत, एका रिव्हेटच्या कडेला साबणाचा बारीकसा बुडबुडा आला. फुटला. पुन्हा आला.

ओल तिसऱ्या मजल्यावर, भेग गच्चीत

मुंबईत राहणाऱ्या कोणालाही हे दुखणं नवीन नाही. पावसाळ्यात तिसऱ्या मजल्याच्या भिंतीला ओल येते. आपण तिथेच प्लास्टर करतो आणि पुढच्या जूनमध्ये ती दीड फूट बाजूला येते. कारण भेग असते गच्चीत. टाकीचंही तसंच. बुडबुडा येतो ती बाहेर पडायची जागा. आत शिरायची जागा सांध्यातून वाट काढत कितीतरी इंच लांब असू शकते.

दादापुढे तीन रस्ते होते. पहिला, टाकीत पातळ लेप ओतून ती घुसळायची, सगळी भोकं आपोआप बुजतील. एकेकाळी हे सर्रास करायचे. पण काही वर्षांनी तो लेप सालपटासारखा सुटायला लागला. सालपटं पेट्रोल ओढायच्या नळीत अडकली तर इंजिन हवेत बंद! हा रस्ता बाद. दुसरा, टाकीतली हवा थोडी बाहेर ओढून त्या रिव्हेटवर बाहेरून सीलंट लावायचं. ते आत खेचलं जातं आणि बऱ्याचदा गळती थांबतेही. एका संध्याकाळचं काम. तिसरा, मागच्या पडद्याला बशीएवढं गोल भोक पाडायचं, आत हात घालून मूळ शोधायचं आणि भोकावर नवी चकती सीलंटनं बसवायची. नुकत्या बंद केलेल्या टाकीला स्वतःच्या हातानं भोक!

मला दुसरा रस्ता पटत होता. फुगा टिकला म्हणजे झालं ना? वहिनीनं मात्र गॅस बंद केला आणि किचनमधून बाहेर आली. "बाहेरून बंद झालं तर फुगा पास होईल," ती म्हणाली, "पण आत काय राहिलंय ते तुला कळेल का?" दादा गप्प. त्या विमानात दुसरी सीट तिची आहे आणि कधीतरी मुलीची असणार आहे, हे तिथे कोणालाच बोलून दाखवायची गरज नव्हती.

शनिवारी दादानं पडदा कापला. ॲल्युमिनियमला लोहचुंबक चिकटत नाही, म्हणून प्रत्येक कीस व्हॅक्यूम क्लीनरनं ओढून काढावा लागला. मग टॉर्च आणि डेंटिस्टकडे असतो तसा लांब दांड्याचा छोटा आरसा. अर्धा तास काही दिसेना. मग एका फासळीच्या कोपऱ्यात सापडलं. सीलंटचा पट्टा वरून सलग, गुळगुळीत, फोटोजेनिक. पण काडीनं ढोसल्यावर नखाएवढा तुकडा सालीसारखा उचलला गेला. तिथे त्यानं पत्र्याला कधी पकडलेलंच नव्हतं.

वही उघडली. ती फासळी जूनमधल्या एका रविवारची. वेळ रात्रीचे अकरा दहा. त्या दिवसाची शेवटची फासळी. दादा बराच वेळ त्या पानाकडे बघत बसला. मग त्याच्या खाली लाल पेननं लिहिलं, 'रात्री नऊनंतर सीलंट नाही.'

इथे क्यूए कोण करतं?

आपल्यापैकी बहुतेकांच्या नोकरीत चुकीला एक पुढचा थांबा असतो. कोड लिहिणाऱ्याच्या पुढे टेस्टर, रिपोर्टच्या पुढे मॅनेजर, माझ्या लेखाच्या पुढे एडिटर. 'पुढच्या व्हर्जनमध्ये फिक्स करू' हे वाक्य आपण दिवसातून किती वेळा ऐकतो? दादाही ऐकतो, बोलतो. पण गॅरेजमध्ये सीलंट लावणारा तोच, तपासणारा तोच आणि टेस्ट फ्लाइटला बसणाराही तोच. परवाना देण्याआधी इन्स्पेक्टर येतो, पण बंद टाकीच्या कोपऱ्यात तो डोकावू शकत नाही. तिथे फक्त बांधणाऱ्याचा शब्द असतो.

कायदाही हे मान्य करतो. पहिल्या टप्प्यात, साधारण २५ ते ४० तासांचं टेस्ट फ्लाइंग होईपर्यंत, हौस म्हणून पॅसेंजर बसवता येत नाही. नंतरही कॉकपिटमध्ये पॅसेंजरला दिसेल अशी पाटी लावावी लागते की हे विमान हौशी माणसानं बांधलेलं आहे आणि नेहमीच्या विमानांचे सुरक्षा नियम याला लागू होत नाहीत. विचार करा, शेजारी बायको बसलीय आणि समोर ही पाटी!

हा वेडेपणा फक्त सातासमुद्रापारचा आहे असंही नाही. कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकानं कांदिवलीत, चक्क इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं. २०१६ मध्ये बीकेसीतल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. रजिस्ट्रेशन मिळायला २०१७ उजाडलं आणि उडवायची परवानगी यायला २०१९. त्यांची झुंज पत्र्याइतकीच कागदांशीही होती. ओरेगनमध्ये निदान नियम तयार आहेत. त्यामुळे तिथे माणसाला भांडायला फक्त स्वतःचा आळस उरतो.

मी परत आल्यावर तीन आठवड्यांनी दादाचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला. नवा फुगा, नवं हसरं तोंड, खाली मुलीच्या अक्षरात 'डे ५'. अजून टणक होता. पंख विमानाला जोडायला, इंजिन बसायला आणखी वर्ष तरी जाईल. टाकीत पेट्रोल पडलं की खरी शेवटची परीक्षा. नेहमीच्या विमान पेट्रोलला निळा रंग असतो, त्यामुळे कुठे पाझरलं तर पांढऱ्या पंखाखाली निळा डाग उमटतो. वहिनीनं आत्ताच जाहीर केलंय की पहिल्या राइडआधी ती स्वतः पंखाखाली आडवी होऊन बघणार. दादाचा शब्द ऐकून घेईल, म्हणाली, पण विश्वास डागावर.

---

फंडा क्लिअर: एका घाणेरड्या वासाची गोष्ट

* १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमध्ये जोसेफ पॅट्रिक हा केमिस्ट गाडीसाठी अँटिफ्रीझ शोधत होता. भांड्यात उरला एक भयंकर वासाचा रबरी गोळा, जो कशातच विरघळेना. तेच पॉलिसल्फाइड रबर.

* त्याला नाव मिळालं 'थायोकॉल'. ग्रीकमध्ये 'थिऑन' म्हणजे गंधक आणि 'कोला' म्हणजे डिंक. पेट्रोलला दाद न देणारा हा डिंक विमानांच्या टाक्यांसाठी वरदान ठरला.

* याच नावाची कंपनी पुढे रॉकेट बनवायला लागली. स्पेस शटलचे बूस्टर तिचेच. २८ जानेवारी १९८६ च्या थंड सकाळी बूस्टरच्या सांध्यातली रबरी रिंग सील करू शकली नाही आणि 'चॅलेंजर' उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं. सात अंतराळवीर गेले. इतक्या थंडीत उडवू नका, असं कंपनीचे इंजिनीअर आदल्या रात्री सांगत होते.

* आज अमेरिकेत विमानांचं शिसं असलेलं पेट्रोल २०३० अखेरपर्यंत बंद करायचं उद्दिष्ट आहे. त्यामुळे नव्या पेट्रोलशी जुन्या सीलंटचं जमेल का, हा हँगरमधल्या गप्पांचा सध्याचा हॉट टॉपिक!